आरतीचा मान आणि २१४७४८३६४७: मंगळवार पेठेतल्या एका सोडतीचं प्रकरण

मंगळवार पेठेतली एक गल्ली. घरं चोवीस. तालमीच्या अंगाला विषम नंबर, समोरच्या अंगाला सम. मंडळ लहान आहे, पण गणपतीत रोज दोन वेळच्या आरतीचा मान कुणाला, हा प्रश्न कोल्हापुरात कधीच लहान नसतो. पूर्वी मान वर्गणीच्या पावत्यांच्या क्रमानं जायचा. त्यावरून कुरबुर झाली आणि ठरलं की सोडत काढायची, तीही मोबाईलवर, म्हणजे कुणाचा हात मध्ये यायला नको. खजिनदारांचा पुतण्या डिप्लोमाला कॉम्प्युटर शिकतो. त्यानं प्रोग्राम लिहून दिला: बटण दाबलं की १ ते २४ मधला एक आकडा. एकदा मान मिळालेलं घरही पुन्हा सोडतीत राहील, असा नियम ठरला. हा नियम लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

पहिल्या पाच दिवसांची यादी अशी लागली. पहिल्या दिवशी सकाळी ९, संध्याकाळी २२. दुसऱ्या दिवशी २३ आणि ४. तिसऱ्या दिवशी ५ आणि २. चौथ्या दिवशी ११ आणि १६. पाचव्या दिवशी पुन्हा ९, आणि संध्याकाळी १४.

नऊ नंबरला दोनदा मान, आणि पंधरा घरांच्या वाट्याला काहीच नाही, म्हणून आधी कुजबुज सुरू झाली. पण खरी गोष्ट पकडली ती १७ नंबरच्या काकूंनी. "सकाळची आरती आमच्या अंगाला, संध्याकाळची सगळी समोर. पाच दिवसांत एकदाबी उलटं न्हाई. हे ठरवून लावलंय." संध्याकाळच्या आरतीला गर्दी असते, फोटो असतात, प्रसादाला रांग असते, सकाळी सातला भटजी आणि चार म्हातारी माणसं. खजिनदारांचं घर सम नंबरचं. पुतण्याचं तोंड उतरलं.

मी कॉलेजात गणित शिकवतो आणि दोन गल्ल्या सोडून राहतो, म्हणून पंचायत माझ्याकडे आली. गल्लीत एक निवृत्त गणित शिक्षकही आहेत, सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात. त्यांनी तोवर हिशोब मांडून ठेवला होता. खरोखर नाणेफेकीसारखं चाललं असतं, तर दहा सोडतींत विषम-सम आलटून पालटून येण्याची शक्यता ५१२ मध्ये १. "अशक्य नाही," सर म्हणाले, "पण कोड बघायला एवढं कारण पुरे."

कोडमध्ये काय होतं

कोड चार ओळींचा होता. आधीची संख्या घ्यायची, तिला ११०३५१५२४५ नं गुणायचं, १२३४५ मिळवायचे, आणि २१४७४८३६४८ नं भागून उरेल ती बाकी नवी संख्या. तिला २४ नं भागून उरेल तो घर नंबर. शून्य उरलं तर २४. सुरुवातीची संख्या, म्हणजे सीड, शून्य. ती कुणी मुद्दाम ठेवली नव्हती, बदलायची राहून गेली होती.

हे गुणक पुतण्यानं मनानं काढलेले नाहीत. सी भाषेच्या प्रमाण दस्तऐवजात रँडम आकड्यांचा नमुना म्हणून हेच दोन आकडे दिलेले आहेत. मात्र तिथं संख्या वापरण्याआधी तिला ६५५३६ नं भागून खालचा भाग टाकून दिला जातो. पुतण्यानं ती पायरी गाळली, कारण तिचं प्रयोजन त्याला कुठं सांगितलेलं दिसलं नाही. माझ्या मते दोष त्याच्याइतकाच सूत्रं कारण न सांगता उतरवून देणाऱ्यांचाही आहे. पण लबाडी नव्हती, एवढं नक्की. लबाडी करणाऱ्यानं इतका उघडा ठसा ठेवला नसता.

ठसा का उमटला ते पाहू. २१४७४८३६४८ म्हणजे २ चा ३१ वा घात. त्याला ८ नं नि:शेष भाग जातो. म्हणून या संख्येचे कितीही पट वजा केले तरी ८ नं भागल्यावरची बाकी बदलत नाही. ११०३५१५२४५ ला ८ नं भागलं तर ५ उरतात, १२३४५ ला भागलं तर १. म्हणजे मोठ्या आकड्यांच्या गदारोळात आत एक छोटं चाक फिरतंय: आधीच्या बाकीची पाचपट अधिक १, आणि त्यातून आठ-आठ वजा. १ पासून सुरू करा: ६, मग ७, ४, ५, २, ३, ०, आणि परत १. आठ पायऱ्यांत फेरी पूर्ण, एक विषम एक सम, कायमचं. आता २४ लाही ८ नं भाग जातो, म्हणून हे चाक घर नंबरातही जसंच्या तसं उतरलं. यादीतल्या ९, २२, २३, ४, ५, २, ११, १६ यांना ८ नं भागून बघा: १, ६, ७, ४, ५, २, ३, ०. त्यानंतर ९ आणि १४, म्हणजे पुन्हा १ आणि ६.

दिवसाला दोन सोडती, आठ पायऱ्यांची फेरी, म्हणजे चार दिवसांनी तेच चाक त्याच दात्यावर. पहिल्या आणि पाचव्या दिवशी सकाळी फक्त १, ९ आणि १७ यांतलंच एक घर येऊ शकत होतं. काकूंचं १७ नंबर त्या तिघांत होतं, तरी दोन्ही वेळा ९ लागलं. तो मात्र योगायोग.

पाचव्या रात्री मी एका कागदावर ७, १५, २३ लिहून घडी घालून अध्यक्षांच्या खिशात ठेवली. सहाव्या सकाळी सगळ्यांसमोर बटण दाबलं. २३ आलं. अध्यक्षांनी कागद उघडून वाचला, तेव्हा निम्म्या गल्लीला वाटलं की मी पण कटात सामील आहे.

एक वजा केला

उपाय छोटा होता: भाजक बदलायचा. २१४७४८३६४८ ऐवजी २१४७४८३६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. गुणक १६८०७ आणि मिळवायचं काहीच नाही. हेही माझं डोकं नव्हे. ही जोडी १९६९ पासून संगणकशास्त्रात वापरात आहे, आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिला किमान दर्जा म्हणून पुढं आणलं.

नवा भाजक मूळ संख्या आहे. तिला १ आणि ती स्वत: सोडून कुणीच भागत नाही, म्हणून आत छोटं चाक बसायला जागाच नाही. ती विषमही आहे: तिचा एक पट वजा केला की सम-विषम उलटतं, आणि किती पट वजा करायचे हे संपूर्ण संख्येवर ठरतं, शेवटच्या दोन-तीन अंकांवर नाही. त्यामुळे मागच्या घराच्या सम-विषमावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही.

पुतण्यानं बदल केला, बटण दाबलं, २४ आलं. पुन्हा दाबलं, २४. पुन्हा २४. सीड अजून शून्यच होता, आणि शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्य. जुन्या सूत्रात १२३४५ मिळवले जात होते म्हणून ते झाकलं गेलं होतं. सीड १ केल्यावर संख्या आल्या: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८, ११४४१०८९३०... आणि घरं: ७, १, १७, २, १०, ८, २४, १४, ११, १३.

हे बघून काकू म्हणाल्या, "हे बरं. पहिल्या तिन्ही आरत्या आमच्या, मग सलग पाच समोर!" त्यांना ही यादी जुन्या यादीपेक्षा जास्त संशयास्पद वाटली. खऱ्या सोडतीत असे घोस येतातच. माणसाला समसमान वाटप रँडम वाटतं, आणि रँडम वाटप पक्षपाती.

प्रोग्राम बरोबर चालतोय का हे तपासायलाही एक ठरलेली कसोटी आहे. सीड १ घेऊन दहा हजार पायऱ्या चालवल्या की १०४३६१८०६५ यायला हवं. पुतण्याच्या पहिल्या प्रयत्नात ते आलं नाही, कारण १६८०७ गुणिले दोन अब्जांवरची संख्या ही ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या बत्तीस घरांत, मावत नाही आणि मधला गुणाकारच कापला जात होता. ६४ बिटांची जागा दिल्यावर आकडा जुळला.

"मूळ आहे कशावरून?"

सरांचा प्रश्न मात्र वेगळा होता. संख्या मूळ आहे हे मी पुस्तकाच्या जोरावर सांगत होतो, आणि ते त्यांना पुरेसं नव्हतं. त्यांचं म्हणणं रास्तच आहे. १६४४ मध्ये मर्सेन या फ्रेंच पाद्र्यानं २ च्या कोणत्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते याची यादी दिली. त्यात ३१ होता, तो बरोबर निघाला. ६७ पण होता, तो चूक. १९०३ मध्ये कोल या अमेरिकन गणितज्ञानं दाखवलं की २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार आहे. यादीत ६१, ८९ आणि १०७ यायला हवे होते, ते आलेच नाहीत. घातांक मूळ असला की संख्या मूळ, असंही नाही: ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, हे २३ गुणिले ८९.

तर २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढं आहे. तेवढ्यापर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. प्रत्येकीनं भागून बघायचं म्हटलं तर दिवाळी येईल. अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञानं हे काम कसं आटोक्यात आणलं, तो या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग. १७७२ मध्ये बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यानं ही संख्या मूळ असल्याचं कळवलं. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

समजा एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. तिला आपण 'भ' म्हणू. मग २ च्या ३१ व्या घाताला भ नं भागलं तर १ उरतो. फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (भ वजा १) व्या घातालाही भागून १ उरतो. पहिल्यांदा १ ज्या घाताला उरतो, त्या घातांकानं ३१ ला भाग जायला हवा. ३१ मूळ आहे, म्हणून तो घातांक ३१ च. आणि त्याच ३१ नं (भ वजा १) लाही भाग जायला हवा. भ विषम आहे, म्हणजे भ ही ६२ च्या पटीत १ मिळवून येणारी संख्या. एका झटक्यात तीसपैकी एकोणतीस उमेदवार बाद.

आता दुसरी चाळणी. २ चा ३१ वा घात १ उरवतो, तर ३२ वा घात २ उरवणार. पण ३२ वा घात म्हणजे ६५५३६ चा वर्ग. म्हणजे भ नं भागल्यावर २ ही एका वर्गाची बाकी ठरते. असं फक्त त्याच विषम मूळ संख्यांबाबत घडतं ज्यांना ८ नं भागून १ किंवा ७ उरतात. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की भ एकतर २४८ च्या पटीत १ मिळवून येते, नाहीतर २४८ च्या पटीत ६३ मिळवून. ४६३४० पर्यंत असे आकडे ३७३. त्यांतले संयुक्त टाकले की ऐंशीच्या घरात उरतात.

ऐंशी भागाकार! सरांनी ते ऐकलं आणि शिकवणीच्या दहावीच्या मुलांना बोलावलं. कामं वाटली. पहिला आकडा ६३, तो संयुक्त. २४९ म्हणजे ३ गुणिले ८३, तोही गेला. ३११ मूळ. मग ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ असे एकामागून एक बाद (१२४१ नं मुलांना छळलं, ते १७ गुणिले ७३ आहे). पुढं १३०३ आणि १४८९ मूळ. २०४७ इथं पुन्हा भेटतो, आणि तो संयुक्त हे आपल्याला माहीतच आहे.

दहा अंकी संख्येला थेट भागण्यापेक्षा सरांनी मुलांना वर्ग करत जायला लावलं. ३११ चं उदाहरण: २ चा ८ वा घात २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी. १६ वा घात ५५ चा वर्ग, ३०२५. त्यातून ३११ चे नऊ पट काढले की २२६, म्हणजे ३११ ला ८५ कमी. दोन्हींचा गुणाकार २४ वा घात: ५५ गुणिले ८५, ४६७५, उरले १०. अजून सात घात हवेत: १० गुणिले १२८, १२८०, उरले ३६. एक वजा, ३५. शून्य नाही, म्हणून ३११ बाद. याच रीतीनं १३०३ ला बाकी २२६ येते आणि १४८९ ला १९९. एका वहीत एका मुलीला शून्य आला तेव्हा शिकवणीत खळबळ उडाली. हातचा चुकला होता. रविवारी दुपारपर्यंत सगळे उमेदवार संपले आणि कुणाच्याही बाकीत शून्य नव्हतं.

याहून कमी कष्टाची वाट १८७६ मध्ये ल्यूकासनं शोधली आणि पुढं लेमरनं ती सोपी केली. ४ पासून सुरू करायचं, दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१, यासाठी: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ० आली, म्हणून ३१ मूळ. आपल्या संख्येला अशा २९ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य यावं लागतं. फोनवर ते डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली आजची सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, शेवटी याच कसोटीवर पक्की झाली. तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. १८११ मध्ये बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञानं लिहून ठेवलं होतं की ऑयलरनं तपासलेल्या या २१४७४८३६४७ मधून मिळणाऱ्या २३०५८४३००८१३९९५२१२८ या परिपूर्ण संख्येपेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधायला जाणार नाही, कारण त्यांचा उपयोग काही नाही. (स्वत:ला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते ती परिपूर्ण संख्या.)

उपयोगाचं म्हणाल तर २१४७४८३६४७ आज प्रत्येक फोनमध्ये आहे, पण मूळ असण्याशी त्याचा संबंध नाही. ३२ बिटांत चिन्हासकट मावणारी ही सर्वात मोठी पूर्णांक संख्या. १ जानेवारी १९७० पासून जागतिक प्रमाणवेळेनुसार सेकंद मोजणारी जुनी यंत्रणा याच आकड्यावर अडकणार आहे: आपल्याकडे १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी.

आलटून पालटून जाणं कुठं गेलं?

संख्या मूळ आहे म्हणून सोडत फेरी न मोडता सगळीकडे फिरते, हे अजून सिद्ध व्हायचं होतं. गुणक कोणताही चालत नाही. २ घेतला तर ३१ पायऱ्यांत पुन्हा १ येतो; ते तर संख्येच्या व्याख्येतच आहे. असा गुणक हवा की १ पासून निघून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा गाठूनच परत येईल. ७ तसा आहे. २१४७४८३६४६ चे अवयव २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१. यांतला प्रत्येक वेगळा अवयव घेऊन पूर्ण संख्येला भागायचं आणि तेवढ्या घाताला ७ ची बाकी १ येत नाही हे पाहायचं. तपासण्या सातच. १६८०७ हा ७ चा पाचवा घात. ५ त्या अवयवांत नाही, म्हणून ७ चा गुण १६८०७ लाही लागू पडतो. वर्षाला बावीस आरत्या धरल्या तर फेरी संपायला पावणेदहा कोटी वर्षं लागतील.

पण इथं सरांनी एक बारीक गोष्ट दाखवली, आणि ती मला आधी सुचली नव्हती. आलटून पालटून जाणं नव्या सूत्रातही आहे. फक्त ते घर नंबरात दिसत नाही.

१ पासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या निम्म्या संख्या अशा आहेत की त्या या भाजकाच्या हिशोबात कुठल्यातरी वर्गाची बाकी आहेत, निम्म्या नाहीत. ७ कोणत्या गटात? गाउसनं सिद्ध केलेला नियम सांगतो की दोन मूळ संख्यांना ४ नं भागून दोन्हींना ३ च उरत असतील, तर त्यांतली नेमकी एकच दुसरीच्या हिशोबात वर्ग असते. ७ आणि आपली संख्या, दोन्हींना ३ उरतात. आपल्या संख्येला ७ नं भागलं तर १ उरतो, आणि १ हा वर्गच. म्हणून ७ आपल्या संख्येच्या हिशोबात वर्ग नाही, आणि १६८०७ पण नाही. वर्ग नसलेल्यानं गुणलं की गट बदलतो. म्हणजे दर सोडतीला संख्या एका गटातून दुसऱ्या गटात, परत पहिल्यात, अगदी जुन्या विषम-समासारखी. पण ते ओळखायला संख्येचा १०७३७४१८२३ वा घात काढावा लागतो, आणि त्यासाठी पूर्ण संख्या हातात हवी. फक्त घर नंबर कळून भागत नाही.

अजून एक सूक्ष्म पक्षपात उरतोच. २१४७४८३६४६ ला २४ नं भागून ६ उरतात, म्हणून १ ते ६ नंबरच्या घरांना पूर्ण फेरीत ८,९४,७८,४८६ वेळा मान, बाकीच्यांना एक कमी. सहा नंबरच्या काकांना हे सांगितल्यावर ते भलतेच खूश झाले.

प्रकरण कुठं मिटलं

मूळ संख्येनं सोडतीतली खोड काढली, पण गुप्तता दिली नाही. पूर्ण संख्या एकदा कळली की कॅल्क्युलेटरवर १६८०७ नं गुणून पुढच्या सगळ्या आरत्या काढता येतात. आणि सीड निवडणाऱ्यानं घरी बसून शंभर सीड चालवून सोयीचा निवडला, तर त्याला कोण अडवणार? त्यावर तोडगा निघाला: सीड गल्लीतल्या मुलांनी अंकांच्या चिठ्ठ्या उचलून ठरवायचा, आणि सूत्र फलकावर लावायचं, म्हणजे ज्याला शंका येईल त्यानं स्वत: हिशोब करावा.

मग सरांनी तो पहिला नियम काढला. एकदा मान मिळालेलं घर पुन्हा सोडतीत राहतं. चोवीस घरं, बावीस आरत्या. सोडत कितीही शुद्ध असली तरी सरासरी नऊ-दहा घरांना त्या वर्षी मान मिळतच नाही. एका घराचं नाव एका सोडतीत न येण्याची शक्यता २३/२४, तिचा बाविसावा घात ०.३९ च्या आसपास. काकूंची तक्रार सम-विषमाची होती खरी, पण गल्लीला हवं होतं ते सगळ्यांची पाळी येणं. म्हणजे दरवेळी नवा आकडा नको होता, चोवीस घरांचा एक क्रम हवा होता.

पुतण्या लगेच म्हणाला, याच सूत्रानं क्रम लावून देतो. इथं मात्र संख्या अपुरी पडते. चोवीस घरांचे क्रम ६२०४४८४०१७३३२३९४३९३६००००, म्हणजे २४ अंकी. आपले सीड २१४ कोटी. एका सीडमधून एकच क्रम. दर एका शक्य क्रमामागे सुमारे २८९ लाख कोटी क्रम असे, की जे या प्रोग्राममधून कधीच निघणार नाहीत. मर्सेनच्या घराण्यातली पुढची मूळ संख्या, २ चा ६१ वा घात वजा १, ती १९ अंकी, तीही तोकडी. त्यापुढची, २ चा ८९ वा घात वजा १, २७ अंकी, ती पुरते. १९११ मध्ये पॉवर्सनं ती मूळ असल्याचं दाखवलं.

मंडळानं तेवढ्यासाठी ८९ पर्यंत जायचं नाकारलं. तांब्यात चोवीस चिठ्ठ्या, एकेक काढायची, परत टाकायची नाही. त्यातून चोवीसच्या चोवीस घरांचा कोणताही क्रम येऊ शकतो. आरत्या बावीस असल्यानं जी दोन घरं राहतील त्यांना पुढच्या वर्षी पहिल्या दिवशीची सकाळ आणि संध्याकाळ, असा ठराव वहीत लिहिला गेला. सकाळ कुणाची आणि संध्याकाळ कुणाची यावर पुन्हा वाद झाला, तेव्हा नाणं उडवायचं ठरलं.